सातव्या खुर्चीची तालीम

तीन मार्चला भाड्याच्या गाडीचं मागच्या महिन्याचं बिल आलं : अकरा हजार चारशे साठ. त्यातलं निम्मं तालीममास्तर भरायचे आणि निम्मं त्यांचे थोरले भाऊ, दादा, भरतो म्हणायचे. प्रत्यक्षात सगळंच तालीममास्तरांच्या खात्यातून जायचं.

दादांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागे. जाताना ते गाडीत बसून जात आणि येताना मागच्या सीटवर आडवे होऊन येत. वास्तविक डायलिसिसचं एक केंद्र घराच्या मागच्याच रस्त्यावर होतं, आणि तालीममास्तर तिथंच नोकरीला होते. पण खुर्च्या अकरा आणि त्यांवर डोळा ठेवून असलेली माणसं कितीतरी. यादीत दादांचा नंबर चौथा होता. खुर्ची रिकामी कशी होते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी ते मोठ्यानं बोलत नसे. त्या खुर्चीवरून बरा होऊन कोणी उठत नाही.

संध्याकाळी तालीममास्तर घरात शिरले की वहिनी विचारत, "भाऊजी, आज कोणी...?"

"नाही."

"बरं." दुकानात दूध संपलेलं कळल्यावर माणूस ज्या सुरात 'बरं' म्हणतो, तसं ते 'बरं' असे.

तालीममास्तर हे नाव केंद्रातल्या काउंटरबाईंनी ठेवलं होतं. नोंदी, संगणक, मशीनांचं वेळापत्रक हे सगळं या गृहस्थांच्या ताब्यात. वय सेहेचाळीस, लग्न नाही. कोणतीही गोष्ट आधी कच्ची केल्याशिवाय पक्की करायची नाही, हा त्यांचा जन्माचा स्वभाव. शाळेत ते गणित आधी रफ वहीत सोडवत, मग मन लावून चांगल्या वहीत उतरवत. उतरवता उतरवता घंटा होई आणि मास्तर अपुरा पेपर हातातून ओढून घेत. रजा मागायची असली तरी ते आधी प्रसाधनगृहातल्या आरशापुढे मागून बघत. तरुणपणी एका मुलीला विचारायचं होतं. काय बोलायचं याची इतकी तयारी केली, की तोवर तिच्या लग्नाचं आमंत्रण आलं. लग्नात त्यांनी अभिनंदनाचं वाक्य मात्र अस्खलित म्हटलं.

दादा म्हणत, "छोट्या मरायचीसुद्धा आधी तालीम करेल, आणि खऱ्या वेळेला उशिरा पोचेल."

दादांना असं बोलायचा हक्क होता, असं घरात धरून चाललेलं होतं. वडील लवकर गेले, तेव्हा दादांनी शाळा सोडून टेंपो चालवला आणि धाकट्याला शिकवलं. ही गोष्ट ते विसरले नव्हते आणि दुसऱ्या कोणाला विसरू देत नव्हते. "तुझी पदवी माझ्या मणक्यांवर उभी आहे," असं ते जेवताना म्हणत. आता जेवणही मोजकं आणि पाणीही मोजकं. त्यामुळे तोंडाला तेवढंच एक काम उरलं होतं.

केंद्रात मात्र तालीममास्तरांच्या स्वभावाचा उपयोग होता. रुग्ण, यादी, वेळा असा सगळा डेटाबेस केंद्राच्या सर्व्हरवर असे, आणि सर्व्हर पाणी शुद्ध करायच्या यंत्राशेजारच्या अडगळीच्या खोलीत. त्या डेटाबेसची एक संपूर्ण नक्कल तालीममास्तरांनी स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवली होती. रोज सकाळी आल्याबरोबर ते ती ताजी करत. कोणताही बदल आधी नकलेवर करून बघायचा; बिघडलं तर नकलेचं बिघडेल. गेली कितीतरी वर्षं त्यांच्या हातून खऱ्या डेटाबेसमधली एक ओळ चुकली नव्हती.

हे काम करायला लॅपटॉपवर एक जुना प्रोग्रॅम होता. तो उघडला की कुठल्या मशीनच्या डेटाबेसला जोडायचं, ते विचारी. खऱ्याला जोडायचं तर सर्व्हरचा पत्ता टाकायचा. नकलेला जोडायचं तर १२७.०.०.१ टाकायचं. हा आकडा म्हणजे कुठल्याही मशीनचा स्वतःसाठीचा पत्ता. तो दिला की मशीन बाहेर कुठे न जाता आपल्याच पोटात शोधतं. तालीममास्तरांच्या बोटांना तो आकडा इतका पाठ झाला होता, की तालीम म्हटली की बोटं आपोआप तिकडे वळत.

फेब्रुवारीत कंत्राटदाराचा माणूस आला आणि जुन्याच्या जागी नवीन सोय करून गेला. "आता प्रोग्रॅम टाकायची भानगडच नाही," तो म्हणाला. "ब्राउझर उघडायचा, वेबसाइट उघडतो तसं हे पान उघडायचं, पत्ता आणि पासवर्ड भरायचा, झालं. केंद्रातल्या कुठल्याही टेबलावरून चालेल." रुग्णांची नावं बाहेरच्या कंपनीकडे जायला नकोत, असा मोठ्या डॉक्टरांचा आग्रह होता. म्हणून ही सोय केंद्राच्याच सर्व्हरवर बसवली होती. जिना उतरता उतरता त्या माणसानं आणखी काहीतरी सांगितलं. तालीममास्तर तेव्हा त्याचं आधीचं वाक्य लिहून घेत होते.

बिल आलं त्या दुपारी ते जेवायला घरी गेले. दादा मशीनवरून नुकतेच आले होते आणि भिंतीकडे तोंड करून पडले होते. वहिनींनी ताट वाढलं आणि बिल ताटाशेजारी ठेवलं.

"चौथा म्हणजे मधे किती? तीनच माणसं ना?"

"तीन."

"आणि ती यादी तुमच्याकडे असते."

"माझ्याकडे नसते, वहिनी. मशीनमध्ये असते. मी फक्त मशीनवर बसतो."

"मग नीट बसा."

भिंतीकडून आवाज आला, "अगं, त्याला कशाला सांगतेस? तो माझ्या तेराव्याची तालीम करतोय."

तालीममास्तर ताट अर्धवट टाकून उठले. ते केंद्रावर परतले ते एक गोष्ट मनात घेऊन : करायचं काही नाही, फक्त बघायचं. वरची तीन नावं काढली तर यादी कशी दिसते? कुणाच्या लक्षात येईल का? नकलेवर बघायला काय हरकत आहे? नकलेतून नाव काढल्यानं जिवंत माणसाचं काय बिघडतं?

त्यांनी लॅपटॉपवर ब्राउझर उघडला. नवीन पान आलं. पत्त्याच्या चौकटीत बोटांनी १२७.०.०.१ टाकलं. पासवर्ड दोन्हीकडे एकच होता. नकलेत सगळं हुबेहूब असावं म्हणून तोही त्यांनी हुबेहूब ठेवला होता. यादी उघडली. नक्कल सकाळीच ताजी केलेली, त्यामुळे एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. पहिला सायकल दुरुस्त करणारा, दुसरी एक शिवणकाम करणारी बाई, तिसरा कॉलेजातला मुलगा, चौथे दादा. त्यांनी पहिली तीन नावं निवडली आणि काढून टाकली.

दादांचं नाव एकदम वर आलं. तालीममास्तर कितीतरी वेळ त्याकडे बघत राहिले. मग त्यांना दिसलं, की यादीचे क्रमांक एकपासून न येता एकदम चारपासून सुरू होतात. शेंबड्या पोरालाही कळेल, इथं कुणाचा तरी हात फिरला आहे. म्हणजे जमण्यासारखं नव्हतं. आणि जमण्यासारखं नाही हे कळल्यावर त्यांना छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. आपण मुळात करणारच नव्हतो, हेही त्यांना आता पटलं. नावं परत घालायची गरज नव्हती, सकाळी ताजी नक्कल आली की सगळं पूर्ववत होणारच होतं. त्यांनी खिडकी बंद केली, दोन बिस्किटं खाल्ली आणि आपण होऊन काउंटरबाईंना चहा विचारला.

"आज काय, पगारवाढ झाली?" बाई म्हणाल्या.

"नाही, सहज."

"तुम्ही सहज काही करता होय?"

सातव्या खुर्चीवर एक म्हातारा घड्याळजी येत असे. त्या दुपारी तो आला नाही. चारच्या पुढे त्याच्या मुलीचा फोन आला. काउंटरबाईंनी "अरेरे" म्हटलं, फोन ठेवला आणि स्क्रीनवर 'खुर्ची रिकामी' हे बटण दाबलं. पुढचं काम प्रोग्रॅमच करी : यादीत जे पहिलं नाव असेल त्याला आपोआप मेसेज. मधे माणसाचा हात नको, वशिलेबाजी नको, म्हणून मोठ्या डॉक्टरांनीच तसं करून घेतलं होतं.

तालीममास्तर पिशवी आवरत होते, तेव्हा वहिनींचा फोन आला. त्या रडत होत्या की हसत होत्या, समजत नव्हतं.

"भाऊजी! केलंत हो शेवटी! केलंत!"

"काय केलं?"

"आता माझ्यापुढे नाटक नको. मेसेज आलाय यांना. सातवी खुर्ची, शनिवारपासून. हे उठून बसलेत, चहा मागतायत!"

तालीममास्तरांनी फोन ठेवला. त्यांनी लॅपटॉप पुन्हा काढला, आणि या वेळी जुना प्रोग्रॅम उघडला, तोच आकडा टाकला. नक्कल उघडली. सायकलवाला पहिला, शिवणकामवाली दुसरी, मुलगा तिसरा, दादा चौथे. तालमीत सगळं जागच्या जागी होतं. तीन माणसं गेली होती ती प्रयोगातून.

त्यांनी कंत्राटदाराच्या माणसाला फोन लावला. "समजा हं, नुसतं समजा, एखाद्यानं नवीन पानावर १२७ चा पत्ता टाकला. तर त्याच्या लॅपटॉपचाच डेटाबेस उघडेल ना?"

"छे! ते पान तुमच्या स्क्रीनवर दिसतं एवढंच. डेटाबेसशी तुमचा ब्राउझर बोलतच नाही. तुम्ही चौकटी भरता, ते जातं सर्व्हरकडे, आणि जोडणी करतो तो सर्व्हर. मग 'आपल्याच पोटात शोध' म्हटल्यावर तो कुणाच्या पोटात शोधेल? स्वतःच्या! म्हणजे खराच उघडणार. जिन्यात सांगितलं होतं की तुम्हाला."

"पण पासवर्ड अडवेल ना?"

"वेगळा असला तर अडवेल. एकच ठेवलाय का? मग कशाला अडवेल? कोणी केलं की काय असं?"

"नाही, नाही. समजा म्हटलं."

"मग ठीक. नाहीतर असल्या माणसाला त्या कामावरून उठवलेलं बरं."

नावं परत घालणं अवघड नव्हतं. नकलेतून उचलायची, सर्व्हरवर ठेवायची, मोठ्या डॉक्टरांना सांगायचं, आणि दादांना दुसरा मेसेज पाठवायचा की पहिला चुकून गेला. तालीममास्तर ते वाक्य रस्ताभर घोळवत घरी आले.

दादांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ते हसायला लागले. हसताना त्यांना धाप लागली, वहिनींनी पाठीवर हात फिरवला, तरी ते थांबेनात.

"आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या हातून एक काम झालं छोट्या, आणि तेही चुकून!"

"दादा, ते तिघं आधीपासून थांबलेत."

"मग मी काय करू? त्यांच्यासाठी उठू? चल, ऊठ म्हण मला. तोंडावर म्हण. मी इथंच बसलोय."

तालीममास्तरांनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली.

"बघ. तेवढंही नाही. मी तुझ्यासाठी शाळेतून उठलो होतो, तेव्हा मला कुणी मेसेज पाठवला नव्हता."

वहिनींनी मधे पडून तोडगा काढला. "शनिवारी हे एकदा खुर्चीवर बसू देत. मग तुमचे तिघं घाला परत जिथल्या तिथं. त्यांचं काय जाणार? एक नंबर. तोवर तुम्ही फक्त गप्प बसा, भाऊजी. ते तुम्हाला जमतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसाधनगृहाच्या आरशापुढे तालीममास्तरांनी एक वाक्य म्हणून बघितलं : "सर, काल माझ्याकडून एक चूक झाली आहे." तिसऱ्यांदा ते चांगलं आलं. आवाज कापला नाही. ते बाहेर आले तर काउंटरपाशी सायकलवाला उभा होता. तो आठवड्यातून एकदा नंबर विचारायला येई. ठेंगणा, पायांवर सूज, नखांत काळं ग्रीस, डाव्या हातावर मशीनच्या सुयांची जागा पट्टीनं झाकलेली.

"नाव नाही यादीत," काउंटरबाई सांगत होत्या.

"बाई, मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात पहिला आहे. पहिला म्हणजे यादीतच असतो ना?"

"तेव्हा असेल. आता नाही. तुम्हीच फोन करून काढायला सांगितलं असेल."

"मी कशाला काढीन? मी काय जिवावर उदार झालोय?"

"ते मला काय माहीत? परत नाव घाला, शेवटी लागेल. एकवीस."

सायकलवाला म्हणाला, "एकवीस?" आणि हसला, जणू बाईंनी विनोद केला होता. मग त्यानं काउंटरवर हात आपटला. नेमका डावा आपटला. पट्टी सरकली, कालच्या सुयांची जागा उघडी झाली, आणि रक्त काउंटरवरून बाईंच्या रजिस्टरपर्यंत आलं.

"बघा! बघा!" काउंटरबाई खुर्ची मागे सरकवत ओरडल्या. "आता हे पुसणार कोण?"

एका परिचारिकेनं त्याच्या हातावर बोळा दाबून धरला. आवाज ऐकून मोठे डॉक्टर बाहेर आले. ते वाईट गृहस्थ नव्हते; त्यांना आरडाओरडा सहन होत नसे एवढंच. त्यांनी आधी बाईंचं ऐकलं, मग सायकलवाल्याचं निम्मं ऐकलं आणि वळून म्हणाले, "मास्तर, तुम्ही बघा बरं. यांचं नाव होतं का?"

सायकलवाल्यानं तालीममास्तरांकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आता खरं काय ते कळणार असा सुटकेचा भाव होता. ते आरशापुढचं वाक्य जिभेवर तयार होतं. लॅपटॉप खांद्यावरच्या पिशवीत होता, नक्कल त्या सकाळी त्यांनी मुद्दामच ताजी केली नव्हती, आणि त्यात ते नाव पहिल्या ओळीवर होतं.

"आत्ता नाही यादीत, सर," तालीममास्तर म्हणाले.

"आधी होतं?"

"जुन्या याद्या आपण ठेवत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा ते तालीम न करता बोलले, आणि एकदाही अडखळले नाहीत.

मोठ्या डॉक्टरांनी मान हलवली. कर्मचाऱ्यांच्या अंगावर येणाऱ्याला केंद्रात प्रवेश नाही, हा नियम दारावरच लावला होता. सायकलवाला तो वाचत बाहेर गेला. निदान त्याचं तोंड तरी तिकडे होतं. दुपारी त्याचं नाव प्रवेशबंदीच्या तक्त्यात घालायचं काम अर्थातच तालीममास्तरांकडे आलं. त्यांनी ते आधी नकलेत घालून बघितलं, स्पेलिंग तपासलं, मग सर्व्हरवर घातलं. या वेळी पत्त्याची चौकट त्यांनी दोनदा वाचली.

शनिवारी दादा सातव्या खुर्चीवर बसले. घड्याळजीच्या पाठीचा खळगा अजून गादीला होता. तो त्यांना बरोबर बसला. "आधीचा माझ्याच मापाचा होता," असं म्हणून त्यांनी परिचारिकेला हसवलं. तालीममास्तर जवळून गेले की ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "हा माझा धाकटा. मोठा प्रामाणिक. मला एक नंबर वर सरकवला नाही यानं." शिवणकामवाली आणि कॉलेजातला मुलगा सोमवारी यादीत परत आले, आपण चार दिवस नव्हतो, हे त्यांना कळलंही नाही. सायकलवाल्याला परत घालता येईना, कारण प्रवेशबंदी असलेलं नाव यादी घेत नसे. तशी व्यवस्था दोन वर्षांपूर्वी तालीममास्तरांनीच करून दिली होती, नीट तपासून.

वहिनींच्या चेहऱ्यावर रंग आला. आता त्या संध्याकाळी काही विचारत नसत.

मे महिन्यात एका सकाळी तालीममास्तरांनी शेजाऱ्याची सायकल मागून घेतली, जिन्याखाली नेऊन तिच्या मागच्या चाकात कंपासचं टोक घुसवलं आणि ती ढकलत सायकलवाल्याच्या दुकानापर्यंत नेली. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट, वर पत्रा. आता तो आठवड्यातून एकदाच मशीनवर जात होता. दूरच्या केंद्राचं त्याहून जास्त त्याला झेपत नव्हतं. चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते. टायरखाली पाना घालायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला.

"मी करू का मदत?" तालीममास्तर म्हणाले.

"नको. हात चालू राहिले पाहिजेत." त्यानं ट्यूब पाण्यात धरली, बुडबुडा आला. त्यानं भोकावर बोट ठेवलं आणि जवळ नेऊन बघितलं. "हे रस्त्यावरचं नाही. कुणीतरी मुद्दाम टोचलंय."

"असेल."

"लोक असतात तसे." त्यानं कानस घासली, सोल्युशन लावलं, फुंकर घातली. मग मान वर करून म्हणाला, "तुम्ही त्या केंद्रातले ना? कॉम्प्युटरवाले? ओळखलं मी. त्या दिवशी तुम्ही निदान बघितलंत तरी. ती बाई तर मान वर करायला तयार नव्हती."

तालीममास्तरांनी घरून एक वाक्य तयार करून आणलं होतं. ते त्यांनी मनात एकदा म्हटलं. तेवढ्यात सायकलवाल्यानं चाक फिरवून बघितलं, सायकल त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "पंचेचाळीस."

त्यांच्याकडे पाचशेची नोट होती. सायकलवाल्याकडे सुटे नव्हते.

"असू दे, नंतर द्या," तो म्हणाला. "याच रस्त्यानं जाता ना तुम्ही?"

"हो, हो. उद्याच देतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नेमके सुटे खिशात घेतले आणि पलीकडच्या रस्त्यानं गेले. तिसऱ्या दिवशीही तसंच. पुढच्या आठवड्यात हिय्या करून ते त्या बाजूनं गेले, तर फटीला फळी ठोकलेली होती. शेजारचा इस्त्रीवाला कपडा उलटवत म्हणाला, "तो ना? रविवारीच गेला. बायको सामान घेऊन भावाकडे गेली. कुठे ते काही सांगून गेली नाही. काही काम होतं का?"

"नाही," तालीममास्तर म्हणाले.

पंचेचाळीस द्यायचे राहिले आहेत.